हात लावणारा

रायसिंग फळीच्या मध्यावर पोचला आणि थांबला. पाठीवर अडीच मणांचं सरकीचं पोतं, हात डोक्यामागून जाऊन पोत्याचे कान धरलेले, मान बैलासारखी पुढे झुकलेली. पायाखालची फळी वाकून हलत होती. गोदामाच्या दारात उभे असलेले अकरा हमाल बोलायचे थांबले.

"थांबू नको," खालून नवलसिंग मुकादम म्हणाला. "थांबना की पोतं जड व्हस. चाल."

रायसिंग चालला. एक, दोन, तीन पावलं. मग गुडघा थरथरला, सावरला. वर पोचून त्याने सातव्या थरावर पोतं टाकलं तेव्हा धूळ उडाली आणि हमालांनी आरोळी ठोकली. छगनने तर डोक्याचं मुंडासं काढून हवेत फेकलं. नवलसिंगने मिशीवरून हात फिरवला. तो हसला नाही, पण त्याच्या डोळ्यांत जे होतं ते सगळ्यांना दिसलं. हा रायसिंग त्याचा साला होता, बायकोचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. कालच तापी ओलांडून कळसाडीहून आला होता.

ही एकोणीसशे एकतीस सालातली गोष्ट. नंदुरबार स्टेशनच्या मागे कापसाच्या जिन कारखान्याला लागून रतिलाल शेठचं गोदाम होतं. दसरा झाला की गाड्या भरभरून कापूस यायचा, सरकी निघायची, गोदाम छतापर्यंत भरायचं आणि उन्हाळ्यापर्यंत रेल्वेच्या वाघिणींतून रिकामं व्हायचं. दुसऱ्या गोदामांत पोतं उचलायला दोन माणसं लागत. एक वाहणारा, दुसरा हात लावणारा. नवलसिंगच्या टोळीत हात लावणारा नव्हता. जमिनीवरचं पोतं ज्याचं त्याने उचलायचं, ज्याचं त्याने फळीवरून चढवायचं. नवीन माणूस आला की पहिल्या सकाळी त्याला सातव्या थरापर्यंत एकट्याने पोतं न्यावं लागे. नेलं तर तो टोळीत, नाहीतर घरी. हा नेम नवलसिंगनेच घातला होता. बारा माणसं अठरांचं काम करतात म्हणून शेठ त्याची गावभर तारीफ करायचा, आणि दर दिवाळीला सगळ्यांदेखत त्याच्या डोक्याला फेटा बांधायचा.

आदल्या संध्याकाळी नवलसिंगच्या बायकोने, धनुबाईने, चुलीपुढे बसून त्याला विनवलं होतं.

"त्याले तो पहिला पोताना खेळ नका करू. त्यानं आंग शेतीनं शे, हमालीनं नही. पहिले महिनाभर हलकं काम द्या."

"मन्हाच सालाले सोडं तर बाकीना काय म्हनतीन?" नवलसिंग म्हणाला होता. तेवढ्यावर बोलणं संपलं होतं.

आता रायसिंग फळीवरून उतरत होता. हमाल त्याची पाठ थोपटायला पुढे सरसावले. उतरता उतरता त्याने बाजूचा खांब धरला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. चेहऱ्यावर हसू होतं, ओठ मात्र पांढरे पडले होते. नवलसिंगने ते पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

---

थंडीचे दिवस सुरू झाले. रायसिंग रोज कामावर येई आणि इतरांइतकीच पोती वाही. पण नवलसिंगची नजर हमालाची होती. खाली वाकण्याआधी रायसिंग एक हात मांडीवर टेकवतो, सकाळची पहिली दोन पोती दात आवळून नेतो, जेवायला बसताना आधी गुडघ्यावर येतो आणि मग हळूच मांडी घालतो, हे सगळं त्याला दिसत होतं. घरीही रायसिंगने खाट सोडली होती. जमिनीवर घोंगडी टाकून तो निजायचा. धनुबाईने विचारलं तर म्हणायचा, "खाटमा ढेकून शेत."

एके दिवशी नवलसिंग पोत्यांच्या थप्पीच्या मागे गेला तर तिथे छगन रायसिंगच्या पोत्याला हात लावत होता. दोघेही चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"हाई काय चाली ऱ्हायनं?" नवलसिंगचा आवाज गोदामभर घुमला. सगळी टोळी वळून पाहू लागली. "हात लावाले मानूस लागस तुले? धाडू का तुन्ही बहीनले बलावनं?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. रायसिंग लाल झाला. तो खाली वाकला, एकट्याने पोतं पाठीवर घेतलं आणि फळीकडे चालू लागला.

छगन मागे राहिला. हळू आवाजात म्हणाला, "मुकादम, त्याना कंबरमा चमक भरेल शे. पहिला दिवसपाईन शे."

"चमक सगळासले भरस. जास निंघी."

छगनला एक गोष्ट ठाऊक नव्हती. टोळीतल्या कुणालाच ठाऊक नव्हती. वीस वर्षांपूर्वी नवलसिंग स्वतः चोवीस वर्षांचा असताना असंच एक पोतं उचलताना त्याच्या कंबरेत काहीतरी कडकन वाजलं होतं. आठ दिवस त्याने लपवलं. तेव्हाचा मुकादम मगन नावाचा एक म्हातारा होता, बोलायला फार कडू. त्याने नवलसिंगला एका बाजूला घेतलं, हातात दाभण आणि सुतळी दिली आणि म्हणाला, "महिनाभर पोता शिवाले बस. कोनी इचारं तर सांग, मुकादमनी बसाडं." महिना सव्वा महिना नवलसिंग कोपऱ्यात बसून फाटकी पोती शिवत राहिला. मग कंबर धरायची थांबली आणि तो पुन्हा उभा राहिला. मगन मेला. नवलसिंग मुकादम झाला. त्या महिन्याबद्दल त्याने कुणालाच सांगितलं नाही, धनुबाईलाही नाही. ते ती सासरी येण्याआधीचं होतं. पुढे पुढे त्याला स्वतःलाही वाटू लागलं की आपली कंबर कधी दुखलीच नव्हती.

---

माघ महिन्यात एक दिवस सकाळीच रतिलाल शेठ स्वतः गोदामात आला. सहा वाघिणी बाजूच्या रुळावर येऊन लागल्या होत्या. चार वाजता इंजिन त्यांना ओढून नेणार होतं. तोपर्यंत सगळी सरकी चढायला हवी होती.

"नवलसिंग, आज तुझी टोळी काय आहे ते दाखव," शेठ म्हणाला आणि खुर्ची मागवून दारातच बसला.

रायसिंग मुकादमाजवळ आला. सकाळची थंडी होती तरी त्याच्या कपाळावर घाम होता.

"पाव्हना, आज माले शिवाले बसाड."

नवलसिंगने कोपऱ्यातल्या फाटक्या पोत्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मग शेठच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आज नको. आज वाघिनी शेत. उद्या बठ."

"आजच नही व्हई ऱ्हायनं माले."

"उद्या सांगं ना तुले."

रायसिंग गेला. नवलसिंग हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा घेऊन वाघिणीच्या दाराशी उभा राहिला आणि टोळीला हाका देऊ लागला. दोन वाजेपर्यंत चार वाघिणी भरल्या. शेठने सगळ्यांसाठी गुळाचा चहा मागवला. चहा झाल्यावर रायसिंग उठला तो खांबाला धरून उठला. त्याने पोतं घेतलं आणि फळीवर चढला. वाघिणीच्या दारापाशी वळावं लागे. पोतं पाठीवर असताना पाय न फिरवता तो कंबरेतून वळला, आणि मध्येच दोरी तुटावी तसा त्याचा गुडघा गेला. तो फळीवरून खाली पडला, पाठीवर. त्याच्यावर पोतं आलं.

पोतं आधी कोणी उचललं ते नंतर कुणालाच आठवेना. सहा जणांचे हात एकदम लागले होते.

रायसिंग शुद्धीवर होता. आभाळाकडे पाहत होता. नवलसिंग त्याच्या डोक्याशी बसला.

"पाव्हना, मन्हा पाय कोठे शेत?"

"आठेच शेत. हाई काय."

नवलसिंगने त्याची पोटरी धरून हलवली. रायसिंग अजून आभाळाकडेच पाहत होता.

"धर ना मंग," तो म्हणाला. "धरी दखाड."

---

त्याला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दीड महिना तो तिथे होता. निघायच्या दिवशी डॉक्टरांनी नवलसिंगला बाहेर बोलावलं. धनुबाई भावाचे कपडे काखेत घेऊन भिंतीशी उभी होती.

"कण्याला मार बसलाय. कमरेखाली आता काही येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "एवढं वजन तो एकटा उचलत होता?"

"हो साहेब."

"पाठ आधीपासून दुखत होती का त्याची? काही बोलला होता?"

नवलसिंगने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. त्याची घडी घातली, उलगडली.

"म्हाईत नही, साहेब."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते आत गेले. धनुबाई जमिनीकडे पाहत होती.

रायसिंगचं लग्न ठरलं होतं. अक्षय्य तृतीयेनंतर व्हायचं होतं. मुलीकडची माणसं एकदा येऊन बसली, पाणी प्यायली, पिकाबद्दल बोलली आणि रामराम करून गेली. त्यांना कुणी दोष दिला नाही. कळसाडीला म्हातारी आई आणि थोरला भाऊ होता, पण रायसिंगला त्यांच्याकडे न्यायचं नवलसिंगने नाकारलं. "तो मन्हा घर ऱ्हाई," एवढंच तो म्हणाला. पुढच्या खोलीत दाराजवळ उजेडात त्याची खाट मांडली. सकाळी त्याला उचलून बाहेर न्यायचं, अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं, हे काम नवलसिंगने धनुबाईला कधी करू दिलं नाही.

पुढच्या दसऱ्याआधी तो शेठकडे गेला.

"शेठ, यंदा पोताले दोन मानसं पाह्यजेत. एक लेवाले, एक हात लावाले. थप्पी पाच थरनी वर नको. फळीले आडव्या पट्ट्या ठोका, पाय सरकस. आन ज्याना आंगमा दुखी ऱ्हायनं त्याले शिवाले बसाडानं."

रतिलाल शेठ वाईट माणूस नव्हता. रायसिंगला धुळ्याला न्यायला त्यानेच घोडागाडी दिली होती.

"नवलसिंग, तुझ्या टोळीचं नाव कशामुळे झालं? हात लावायला माणूस लागत नाही म्हणून. ते तूच केलंस. मी सांगितलं होतं का?"

"नही. मीच करं."

"मग एक माणूस पडला म्हणून सगळं उलटं करायचं? गोदामात माणसं पडतात. पट्ट्या ठोकून घे, त्याला माझी ना नाही. बाकीचं जमणार नाही."

"मंग मुकादमी बी माले जमाव नही, शेठ."

शेठला वाटलं तो रागाने बोलतोय, चार दिवसांत येईल. नवलसिंग दुसऱ्याच दिवशी आला, पण हमाल म्हणून. छगन मुकादम झाला होता. शेठने बांधलेला फेटा नवलसिंगने घरी ठेवला आणि डोक्याला जुनं धडपं गुंडाळलं.

त्याने आपलं पहिलं पोतं वाहिलं, खाली आला, आणि पुढचा माणूस पोत्याशी वाकला होता त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. पोत्याची दोन टोकं धरली.

"उचल," तो म्हणाला.

समोरचा हमाल गोंधळला. "माले हात नही लागस, मुकादम."

"मी मुकादम नही. आन तुले नही लागस, माले लागस. उचल."

त्या दिवशी निम्म्या लोकांनी त्याला हात लावू दिला नाही. काहींना लाज वाटली, काहींना वाटलं याचं डोकं फिरलंय. कुणीतरी मागून म्हणालं की साल्याचं भूत बसलंय मानगुटीवर. नवलसिंगने ऐकलं आणि पुढच्या पोत्याकडे गेला. आपलं पोतं वाहून यायचं आणि येता जाता दुसऱ्याच्या पोत्याला हात लावायचा, असं दुप्पट काम तो दिवसभर करी. छगन सुरुवातीला ओरडला. मग एकदा त्याने पाहिलं की हात लावल्यावर माणूस निम्म्या वेळात उभा राहतो आणि संध्याकाळपर्यंत दमत नाही. शेठला त्याने काही सांगितलं नाही. फक्त कोण किती पोती वाहतो ते मोजणं बंद केलं आणि आणखी दोघांना हात लावायला जमिनीवर उभं केलं.

नवीन माणूस आला की नवलसिंग त्याला बाजूला घेई. "गुडघा वाक, कंबर नको वाकू. पोतं आंगले लाव, लांब धरू नको. वळानं तर पाय फिरव, कंबर नको फिरवू." शेवटचं सांगताना त्याचा आवाज दरवेळी खाली जाई. नवीन माणसाला वाटे, म्हाताऱ्याला दम लागला.

सातव्या थराचा नेम कुणी बंद केला नाही. तो आपोआप विसरला गेला.

---

तिसऱ्या वर्षी रायसिंगने स्वतःच काम मागितलं. छगन गोदामातली फाटकी पोती घरी पाठवू लागला आणि रायसिंग खाटेवर बसून ती शिवू लागला. त्याचा हात बसला. टाके इतके सरळ घालायचा की जिनातला बन्सीलाल कारकून मुद्दाम येऊन पाहून गेला.

एका दुपारी नवलसिंग जेवायला घरी आला होता. रायसिंगच्या मांडीवर पोतं होतं. ज्या मांडीला काही कळत नव्हतं तिच्यावर ते नीट ताणून त्याने दाभण टोचली, आणि नवलसिंगच्या हातातला पाण्याचा लोटा तसाच राहिला.

"मी बी शिवाले बठनू व्हतू," तो म्हणाला.

"कधय?"

"तुन्हा एवढा व्हतू तवय. कंबर गयेल व्हती. मगन मुकादमनी माले महिनाभर बसाडं. कोनले सांगं नही."

रायसिंगची दाभण थांबली. बाहेर रस्त्यावरून रिकामी बैलगाडी खडखडत गेली.

"म्हनजे तुले म्हाईत व्हतं. कसं दुखस ते."

"हां."

"मी तुले इचारं व्हतं."

"हां."

"तोंड उघाडीसन इचारं व्हतं, पाव्हना. मन्हा जिवले कितलं लागनं व्हतं ते इचाराले."

नवलसिंग लोट्यातल्या पाण्याकडे पाहत बसला. चुलीपासून धनुबाईचा आवाज आला. ती तव्यावरची भाकर उलटत होती, पाठ फिरवलेली.

"दवाखानामा तुम्ही खोटं बोलनात, तवयच माले समजनं व्हतं."

"मंग बोलनी का नही?" नवलसिंग म्हणाला. "तीन वरीस झायात. एक बोल बी नही लावा माले."

"बोलीसन त्याना पाय परत येतीन का?"

तिने भाकर ताटात टाकली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि ताट आधी भावाच्या खाटेवर नेऊन दिलं, मग नवऱ्यापुढे. तिघेही जेवले. रायसिंग दोन दिवस नवलसिंगशी बोलला नाही. तिसऱ्या सकाळी अंग पुसून घेताना तो म्हणाला, "पानी आज जरा गरम कर." त्यावरून नवलसिंगने ओळखलं की आता हे असंच राहणार. माफी मागायची नाही, मिळायचीही नाही. रोजचं पाणी तेवढं तापवायचं.

---

आणखी सहा वर्षं गेली. कळसाडीची म्हातारी गेली, आणि तिच्या दिवसांना तिघेही बैलगाडीने गेले. परतताना तापीकाठचं प्रकाशा गाव जवळ आलं तेव्हा रायसिंग म्हणाला, "प्रकाशाले थांबूत. माले तापीमा आंघोय करानी शे. आईनी राख आठेच सोडी ना."

दुपारचं ऊन होतं. घाटावर गर्दी नव्हती. खाली नदी रुंद आणि संथ वाहत होती. गाडी वरच थांबवावी लागली, आणि पाण्यापर्यंत पुष्कळ पायऱ्या होत्या. नवलसिंगने धोतर कंबरेला खोचलं, गाडीला पाठ लावून उभा राहिला आणि खाली बसला.

"ये. पाठवर ये."

त्याचं वय आता पन्नाशीच्या पुढे होतं. केस पांढरे झाले होते. घरातल्या खाटेपासून अंगणापर्यंत उचलणं वेगळं आणि या पायऱ्या वेगळ्या. रायसिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण अंग टाकलं नाही.

"कोनले तरी बलाव."

"नेस मी. काय शे त्यामा."

"नही. एकला नको."

नवलसिंग वाकलेला होता तसाच राहिला. मग उभा राहिला. दहा-बारा पायऱ्या खाली एक अनोळखी माणूस धोतर पिळत होता. गुजर शेतकरी असावा, जवळच्याच गावचा. नवलसिंगने तोंड उघडलं आणि त्याला शब्द सापडेना. नऊ वर्षं तो दुसऱ्यांच्या पोत्यांना हात लावत आला होता. स्वतःसाठी त्याने कुणाला हाक मारली नव्हती.

"ओ भाऊ," शेवटी तो म्हणाला. "जरासा हात लावशी का?"

त्या माणसाने वर पाहिलं, ओलं धोतर दगडावर टाकलं आणि लगेच वर आला. दोघांनी हातात हात गुंफून बैठक केली, रायसिंग त्यावर बसला, दोन्ही हात दोघांच्या गळ्यात. एक एक पायरी करत ते उतरले. गुडघाभर पाण्यात, मग कमरेइतक्या पाण्यात गेले.

"आते सोडा," रायसिंग म्हणाला.

त्यांनी हात सैल केले. नवलसिंगने मात्र त्याची काख धरून ठेवली. पाण्याने रायसिंगला उचललं. त्याचे बारीक, वाळलेले पाय हळूहळू वर आले आणि पृष्ठभागावर तरंगू लागले. प्रवाहाने ते थोडे हलले, आधी एक, मग दुसरा. रायसिंग त्यांच्याकडे पाहत राहिला. नवलसिंगही पाहत राहिला. वरच्या पायरीवर कोरडं धोतर हातात घेऊन उभ्या असलेल्या धनुबाईने पदर डोळ्यांवर ओढला आणि नदीकडे पाठ करून ती तिथेच बसली.